कंपास, पिसू आणि समांतर रेषा : मेटाफिजिकल प्रेमकवितेतल्या प्रतिमा कशा वाचाव्यात

जॉन डनची प्रेमकविता पहिल्यांदा वाचणारा बहुतेक वेळा एकाच जागी अडतो. निरोपाचा प्रसंग चालू असतो, आवाज हळवा असतो, आणि मध्येच भूमितीचा कंपास येतो. दुसऱ्या कवितेत प्रेयसीची मनधरणी करायला पिसू येते, तिसरीत नकाशे आणि पृथ्वीचे गोलार्ध. डोळ्यांपुढे सुंदर चित्र उभे राहील या अपेक्षेने वाचले तर हे सगळे रुक्ष वाटते, नाहीतर विक्षिप्त. या कवितांमधली प्रतिमा नुसती पाहून भागत नाही, ती चालवून पाहावी लागते. तिच्यात एक युक्तिवाद असतो आणि तो पायरीपायरीने तपासता येतो. तो कसा तपासायचा, हे इथे तीन कवितांच्या आधाराने सांगितले आहे.

आधी थोडी ओळख. डन (१५७२–१६३१), अँड्र्यू मार्व्हेल (१६२१–१६७८) आणि अब्राहम काउली हे या वळणाच्या प्रेमकवितेसाठी वाचले जाणारे इंग्रज कवी. त्यांनी स्वतःला मेटाफिजिकल, म्हणजे तत्त्वमीमांसेच्या वळणाचे, म्हणवून घेतले नाही, त्यांचा ठरवून केलेला गटही नव्हता. डन प्रेमकवितेतसुद्धा तत्त्वज्ञान घुसवतो, असा आक्षेप कवी-समीक्षक ड्रायडनने १६९३ मध्ये घेतला. समीक्षक डॉ. जॉन्सनने १७७९ मध्ये काउलीवर लिहिताना हे नाव रूढ केले आणि या कवींनी अगदी विजोड कल्पना जबरदस्तीने एका जुवाला जुंपल्या, अशी तक्रार केली. जॉन्सनला दिसले ते बरोबर दिसले. तो दोष आहे हे मात्र आम्हाला पटत नाही. १९२१ मध्ये अभ्यासक ग्रिअर्सनचे या कवितांचे संकलन आले, टी. एस. एलियटने त्यावर लेख लिहिला, आणि तेव्हापासून हे कवी पुन्हा मन लावून वाचले जाऊ लागले.

बसण्यापूर्वी

कवितेची प्रत आधुनिक स्पेलिंगची आणि तळटिपा असलेली घ्या. डनच्या कविता त्याच्या मृत्यूनंतर १६३३ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. त्या मूळ छपाईची चित्रे आंतरजालावर सापडतात, पण तिथे लांब ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसते आणि नवख्या वाचकाची अर्धी शक्ती अक्षरे लावण्यातच जाते. सोबत पेन्सिल, कोरा कागद आणि शाळेच्या कंपासपेटीतला खराखुरा कंपास ठेवा. त्याचे काम पुढे आहे.

पहिले वाचन मोठ्याने करा आणि तळटिपांकडे बघू नका. वाक्य कुठे संपते एवढेच शोधा. डनची वाक्ये ओळीपाशी थांबत नाहीत, कधी कधी कडव्यापाशीही थांबत नाहीत. दुसरे वाचन टिपांसह करा, तिसरे पेन्सिल घेऊन. कविता तिसऱ्या वाचनाआधी समजलीच पाहिजे, असा हट्ट धरू नका.

प्रसंग आधी, प्रतिमा नंतर

कोण बोलतो आहे, कोणाशी, आणि त्याला समोरच्या माणसाकडून काय हवे आहे? हे तीन प्रश्न एका ओळीत लिहून काढल्याशिवाय प्रतिमेला हात घालू नका. डनच्या बहुतेक प्रेमकविता मध्येच सुरू झालेल्या संभाषणासारख्या असतात आणि प्रत्येक प्रतिमा त्या संभाषणात काहीतरी साधण्यासाठी वापरलेली असते. कुणाला रडण्यापासून थांबवायचे असते, कुणाला राजी करायचे असते, तर ‘द सन रायझिंग’मध्ये खिडकीतून आत डोकावणाऱ्या सूर्याला हाकलायचे असते.

मग शाळेतले अलंकार आठवा. उपमेय, उपमान आणि साधारणधर्म हे तीन शब्द इथे पुरतात. नेहमीच्या उपमेत साधारणधर्म एखादाच असतो : मुख कमलासारखे, कारण दोन्ही सुंदर. मर्ढेकरांनी मुंबई बंदर उजळत येणाऱ्या माघातल्या पहाटेला न्हालेल्या गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेची उपमा दिली, तीही दुरून आणलेली आहे, पण तिचे काम एका झळकेत होते. डनच्या प्रतिमेत उपमान अनपेक्षित असते आणि साधारणधर्म एकामागून एक, चार-पाच निघत जातात. अशा लांबवलेल्या प्रतिमेला समीक्षेत कन्सीट म्हणतात.

म्हणून कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात उपमानाविषयी कवितेत काय म्हटले आहे ते, दुसऱ्यात प्रेमाच्या बाजूला त्याला जुळणारी गोष्ट, तिसऱ्यात ओळीचा क्रमांक. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा : उपमानाचे असे गुण, जे खरे आहेत पण कवीने घेतलेले नाहीत. नवखे वाचक हा रकाना आखतच नाहीत, आणि मग प्रत्येक कन्सीटबद्दल ‘किती समर्पक’ एवढेच लिहून थांबतात.

निरोपाची कविता, कडव्यागणिक

सरावाला ‘अ व्हॅलेडिक्शन : फॉरबिडिंग मोर्निंग’ घ्या. नऊ कडवी, प्रत्येकी चार ओळी. प्रसंग असा की प्रवासाला निघालेला माणूस प्रिय व्यक्तीला रडू नकोस म्हणून सांगतो आहे. डन १६११ मध्ये सर रॉबर्ट ड्रूरीसोबत फ्रान्सला निघाला तेव्हा त्याने ही कविता पत्नीला दिली, असे त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो. अभ्यासकांना त्याविषयी शंका आहे, आणि कवितेत पत्नी हा शब्दही नाही. गोष्ट माहीत असू द्या, तिच्यावर अर्थाचा डोलारा उभारू नका.

पहिल्या कडव्यात सज्जन माणूस प्राण सोडतो आहे, इतका शांतपणे की भोवती बसलेल्यांपैकी काही जण म्हणतात श्वास गेला, काही म्हणतात अजून नाही. इथे वाक्य अर्धेच झाले आहे. दुसरे कडवे ते पुरे करते : तसेच आपणही आवाज न करता वितळू या, अश्रूंचे पूर नकोत, उसाशांची वादळे नकोत. हे पूर आणि ही वादळे इटालियन कवी पेट्रार्कच्या वळणाच्या प्रेमकवितेतले ठरलेले सामान. डन त्यांचे नाव घेतो आणि त्यांना बाजूला ठेवतो. ‘वितळणे’ या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारा, ते पुढे लागणार आहे.

तिसऱ्या कडव्याला टिपेची गरज पडते. भूकंप झाला की माणसे घाबरतात, नुकसान मोजतात. आकाशगोलांचे डोलणे त्याहून कितीतरी मोठे, तरी त्याने कुणाचे काही बिघडत नाही. प्राचीन खगोलविद टॉलेमीच्या विश्वात पृथ्वी मध्ये असते आणि तिच्याभोवती एकात एक पारदर्शक गोल फिरतात. अयनचलनाचा, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा संपातबिंदू हळूहळू सरकण्याचा, हिशेब जुळवण्यासाठी मध्ययुगातल्या खगोलविदांनी त्या गोलांना मागेपुढे डोलणारी एक मंद गती दिली होती, तीच ही. आपल्याकडे सूर्यसिद्धान्तातही संपाताला दोन्ही बाजूंना २७ अंशांपर्यंत असे झोके दिलेले आहेत, त्यामुळे पंचांग बघणाऱ्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. आता रकाना भरा. भूकंप म्हणजे सामान्य प्रेमिकांचा गोंगाटी विरह, गोलांचे डोलणे म्हणजे या दोघांचा. तुलनेत एक दावाही दडला आहे : आमचा विरह लहान म्हणून शांत आहे असे नाही, तो मोठा असूनच शांत आहे.

चौथे-पाचवे कडवे हाच धागा ओढते. जुन्या भौतिकशास्त्रात चंद्राच्या खालचे सगळे बदलते आणि नासते, वरचे अविकारी राहते. चंद्राखालच्या प्रेमिकांचे प्रेम इंद्रियांवर उभे असते, म्हणून शरीर दूर गेले की ते संपते. आपले प्रेम मात्र गाळून शुद्ध केलेले आहे, त्याला डोळे, ओठ, हात नसल्याची फिकीर कमी. ‘शुद्ध केलेले’ हा शब्द धातूचा आहे. दुसऱ्या कडव्यातले वितळणे आणि इथले शुद्धीकरण यांनी सहाव्या कडव्यातल्या सोन्याची तयारी आधीच करून ठेवली आहे. डनच्या प्रतिमा अचानक येतात असा समज असतो. रेघा मारत वाचले की त्यांची मुळे तीन-चार कडवी आधी सापडतात.

सहावे कडवे सोन्याच्या वर्खाचे. दोन आत्मे एकच आहेत, म्हणून मी गेलो तरी ते तुटणार नाहीत, फक्त पसरतील, सोने ठोकून हवेइतके पातळ करावे तसे. हे नुसते शोभेचे बोलणे नाही. एक ग्रॅम सोन्याचा सुमारे एक चौरस मीटर वर्ख होतो, ठोकून इतका पातळ होणारा दुसरा धातू नाही. आता चौथा रकाना भरा : वर्ख फुंकरीनेही फाटतो. पसरलेले प्रेम पातळही होते का? हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो न राहतो तोच सातव्या कडव्यात कवी प्रतिमा बदलतो. आमच्या मते ही निव्वळ योगायोगाची जागा नाही.

सातव्याचा आरंभ नीट बघा. ‘जर ते दोन असतीलच’, असे म्हणून कवी सुरुवात करतो. सहाव्यात आत्मे एक होते, इथे तो समोरच्याचे म्हणणे मान्य करून पुढे जातो : बरे, दोन म्हण, मग कंपासच्या दोन पायांसारखे दोन. वादात माणूस जसा एक पाऊल मागे घेऊन जास्त भक्कम जागेवर उभा राहतो, तशी ही चाल आहे.

आता कंपास उचला

भूमितीचा, दिशा दाखवणारा नव्हे. कविता उघडी ठेवून पुढचे चार प्रयोग करा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि दहा पानी टीकेपेक्षा यातून जास्त कळते.

दोन्ही टोके कागदावर टेकवून पाय उघडत न्या. पेन्सिलीचा पाय दूर जाईल तसा टोकदार पायही कलतो. आठव्या कडव्यात स्थिर पाय दुसऱ्याकडे झुकतो, कान देतो, आणि तो घरी आला की ताठ उभा राहतो, हे शब्दशः घडताना दिसेल.

मग पाच सेंटिमीटरची त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा. मधला पाय जागा सोडत नाही, पण स्वतःभोवती फिरतो. तो हलताना दिसत नाही, पण दुसरा हलला की हलतो, हे सातव्या कडव्यातले वाक्य त्याचेच.

तिसऱ्या खेपेला मुद्दाम टोक थोडे घसरू द्या, किंवा बिजागरीचा स्क्रू सैल करा. वर्तुळाची दोन टोके जुळणार नाहीत. शेवटच्या कडव्यात ‘तुझ्या खंबीरपणामुळे माझे वर्तुळ अचूक होते’ असे येते, आणि सातव्यात कंपासला ‘ताठर’ हे विशेषण लावलेले आहे, ते का हे इथे कळते. घरी राहणारी व्यक्ती वाट बघते एवढेच नाही, प्रवास पूर्ण होणे तिच्यावर अवलंबून आहे.

चौथा प्रयोग अडचणीचा आहे. वर्तुळ पूर्ण झाले तेव्हा पेन्सिल कुठे आहे ते मोजा. ती निघाली त्या बिंदूवर परत आली, पण केंद्रापासून अजून पाच सेंटिमीटर दूरच आहे. घरी येणे म्हणजे पाय मिटणे. आठव्या कडव्यात पाय उघडतो आणि मिटतो, नवव्यात तो फिरतो. या दोन वेगळ्या गती आहेत आणि वर्तुळ काढताना दोन्ही एकदम होत नाहीत. ही कवीची चूक मानायची का? तशी मानणारे वाचक आहेत. दोन्ही गतींतून फिरत फिरत बाहेर जाऊन परत येणारी सर्पिल वाट दिसते, असेही वाचन झालेले आहे. आमचा कल असा की कवीला दोन वेगळी आश्वासने द्यायची आहेत, मी परत येईन हे एक आणि आपले नाते पूर्ण राहील हे दुसरे, आणि त्यासाठी त्याने एकाच उपकरणाच्या दोन गती वापरल्या. तुम्ही कोणतेही मत घ्या, पण ही अडचण दिसल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट सहज सुटते. किमयागारांच्या लिपीत सोन्याची खूण म्हणजे मध्ये बिंदू असलेले वर्तुळ. कंपास कागदावर नेमके तेच काढतो. सहाव्या कडव्यातले सोने शेवटच्या कडव्यात आकृती होऊन परत आलेले असते.

छंदाकडेही एकदा बघून घ्या. ओळी चार आघातांच्या, यमके एकाआड एक, आणि लय डनच्या मानाने फार संथ. आवाज करू नकोस असे सांगणारी कविता स्वतःही आवाज चढवत नाही.

पिसवेचा दावा

‘द फ्ली’ ही तीन कडव्यांची, प्रत्येकी नऊ ओळींची कविता. पुरुष बाईला शय्येसाठी राजी करू पाहतो, ती नकार देते. एका पिसवेने दोघांना चावे घेतले आहेत. इथे लागणारे ज्ञान शरीरशास्त्राचे : वीर्य हे रक्तापासूनच तयार होते असे त्या काळी मानत, त्यामुळे रक्त मिसळणे म्हणजे समागम.

इथे रकान्यांऐवजी दाव्यांची शिडी लिहा. पिसवेत आपली रक्ते मिसळली. त्यात ना पाप, ना लाज. म्हणजे आपले लग्नच झाले. म्हणजे ही पिसू आपली शेज आणि आपले देऊळ. म्हणजे तिला मारणे ही तिहेरी हत्या : माझा खून, तुझी आत्महत्या आणि देवळाचा विटाळ. आता कुठली पायरी निसटते ते शोधा. मिसळलेल्या रक्तापासून लग्नापर्यंतची उडी सरळसरळ खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे कवीला, बोलणाऱ्याला आणि ऐकणारीलाही माहीत आहे. मजा त्या उघड्या कसरतीत आहे. युक्तिवाद पटला नाही म्हणून कविता फसली असे समजू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामधल्या मोकळ्या जागेत एक घटना घडते : ती पिसू चिरडते. ओळींमध्ये तिच्या तोंडी थेट शब्द नाही, पण तिच्या कृतीने त्याची सगळी शिडी कोसळते. बघ, तुला-मला काही झाले का, असे ती विचारते हे आपल्याला त्याच्याच तोंडून कळते. आणि तो तेच वाक्य उचलून उलटवतो : काही झाले नाही ना, मग मला होकार दिल्याने तुझी अब्रूही एवढीच जाईल. डनच्या कवितेत कडव्यांमधली जागा कोरी धरून पुढे जाऊ नका. तिथे समोरच्या व्यक्तीने काय केले असेल, ते पेन्सिलीने लिहा.

मार्व्हेलच्या समांतर रेषा

‘द डेफिनिशन ऑफ लव्ह’मध्ये आठ चौकडी आहेत आणि भावना अगदी उलटी : हे प्रेम कधीच जुळणार नाही. निराशेने अशक्यतेच्या पोटी त्याला जन्म दिला, असे कवी सुरुवातीलाच सांगतो. नियतीने दोघांना दोन ध्रुवांसारखे दूर ठेवले आहे. ते भेटायचे तर सगळे जग चेपून सपाट करावे लागेल, गोलाचा सपाट नकाशा करतात तसे. सातव्या चौकडीत भूमिती येते. इतरांची प्रेमे तिरक्या रेषांसारखी, त्या कुठल्याही कोनात एकमेकींना भेटतात. आमची इतकी खरी समांतर की अनंतापर्यंत गेल्या तरी भेटणार नाहीत.

इथे चौथा रकाना वापरून बघा. समांतर रेषांमधले अंतर कधी वाढतही नाही. कवी ते म्हणत नाही, पण अनंतापर्यंत सोबत धावणे प्रतिमेत आपोआप येते. शेवटच्या चौकडीला मराठी वाचकाला टीप लागू नये : मनांची युती आणि ताऱ्यांची प्रतियुती. पत्रिकेतले हे दोन्ही शब्द मार्व्हेलने त्याच तांत्रिक अर्थाने वापरले आहेत.

नेहमी कुठे चुकते

सर्वांत मोठी चूक म्हणजे उपमानाचे ज्ञान ढोबळ ठेवणे. ‘द सन रायझिंग’मध्ये पलंग हा सूर्याचा केंद्रबिंदू आणि भिंती हा त्याचा गोल असे म्हटले आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ चा, म्हणून सूर्यकेंद्री विश्व डोक्यात ठेवून वाचले तर ओळ उलटीपालटी होते. जुन्या विश्वात सूर्य फिरतो, म्हणून त्याने या पलंगाभोवती फिरावे असा हुकूम देता येतो. त्याच कवितेतल्या दोन ‘इंडिया’ म्हणजे मसाल्यांचे पूर्वेकडचे प्रदेश आणि सोन्याच्या खाणींचे पश्चिमेकडचे. एकट्या भारताचा संदर्भ समजून घेऊ नका.

दुसरी चूक, प्रत्येक रूपकाला कन्सीट म्हणणे. साधारणधर्म किमान दोन-तीन पायऱ्या पुढे गेला नसेल तर ते साधे रूपकच. मार्व्हेलच्या ‘टू हिज कॉय मिस्ट्रेस’मधला पंख असलेला काळाचा रथ एका झटक्यात येतो आणि जातो, त्याला ओढून लांब करू नका. तिसरी, प्रतिमा ‘बुद्धिप्रधान’ आहे म्हणून भावना नाही असे लिहिणे. निरोपाच्या कवितेत माणूस इतका नेटका विचार करतो, तो रडू आवरण्यासाठी. विचार बाजूला काढला तर भावना कुठे आहे तेच सापडत नाही.

पुढे वाचायला हा क्रम सोयीचा : ‘द फ्ली’, मग ‘द गुड-मॉरो’ (सात-सात ओळींची तीन कडवी, नकाशे आणि गोलार्ध), ‘द सन रायझिंग’, निरोपाची कविता, मग मार्व्हेलच्या दोन. ‘द कॅननायझेशन’ शेवटी ठेवा. तिच्या पाच कडव्यांत माशी, मेणबत्ती, गरुड, कबुतर, फिनिक्स आणि अस्थिकलश एकामागून एक येतात, एकही प्रतिमा फार वेळ टिकत नाही, आणि प्रत्येकीसाठी वेगळा कागद आखावा लागतो. प्रेमिक शेवटी संत कसे ठरतात हे ती सगळी पाने शेजारी शेजारी मांडल्यावरच दिसते. त्या कवितेला एक अख्खी सुट्टीची दुपार द्या.